मास्तरांची हजेरी

आमच्या कोटांच्या कारखान्यात कापड कापण्याआधी हजेरी व्हायची. माणसांची नव्हे, तुकड्यांची. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरलेले. मास्तर पुठ्ठ्याचे फर्मे ठेवून खडूनं आखायचे आणि मग हातातलं कापायचं मशीन चालू करण्याआधी मोठ्यानं विचारायचे. समोर उभं राहून उत्तर द्यायचं काम माझं.

"डावी बाही?"

"आली."

"उजवी?"

"आली."

"कॉलर?"

"मानेवर बसली."

शिवणाऱ्या बायका फिदीफिदी हसायच्या. "मास्तर, पाठ आजारी आहे का? तिचं नाव नाही घेतलंत," कुणीतरी म्हणायचंच. सतरा वर्षांत मास्तरांचा एक तुकडा वाया गेला नव्हता. मी तेव्हा विशीत होते. आता गुडघे बोलतात, पण ती हजेरी अजून कानात आहे.

मग मालकांचा भाचा साहेब म्हणून आला. त्याच्या मुठीत सतत सेकंद मोजायचं घड्याळ, म्हणून आम्ही त्याला 'टिकटिक' म्हणायचो. त्यानं पहिल्याच आठवड्यात हजेरी बंद केली.

"कापड उत्तर देतं का, मास्तर? चार मिनिटं गप्पांत जातात."

"गप्पा नाहीत त्या, साहेब. पडताळा आहे."

"तुमचं काम तुम्हाला येत असेल, तर पडताळा कशाला?"

तेव्हापासून रोज दारावर कागद लागायचा, कुणाला किती मिनिटं लागली त्याचा. मास्तरांचं नाव सगळ्यात खाली. टिकटिक त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहायचा, अगदी श्वास मानेवर येईल इतका जवळ. मास्तर एकच माप तीनतीनदा घ्यायला लागले. तळवे घामेजून खडूची रेघ फिसकटायची, ती पुसून ते पुन्हा आखायचे, त्यात आणखी वेळ जायचा. डबा तसाच परत न्यायचे. थट्टा तर बंदच झाली.

मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी काजं करणारीला बोलताना पकडून टिकटिकनं घरी धाडलं होतं. त्या सकाळी सगळा कारखाना मुका होता. मास्तरांनी बाहीचा फर्मा ठेवला, आखला. दुसऱ्या बाहीसाठी तो उलटा करायचा असतो. त्यांनी तो नुसता पुढे सरकवला.

मला दिसलं. समोरच तर उभी होते मी. तोंड उघडलं, तर मास्तरांच्या खांद्यामागून टिकटिक माझ्याकडेच बघत होता. घरी आजारी आई होती, पाठची दोन भावंडं होती. मी तोंड मिटलं. मशीन सुरू झालं.

साठ कोटांच्या एकशेवीस बाह्या, सगळ्या डाव्या. टिकटिकनं एकेक उचलून सगळ्यांसमोर दाखवली. "आता दोन्ही हात डावे असलेली गिऱ्हाइकं शोधून आणा, मास्तर." कुणी हसलं नाही. मास्तरांनी खिशातला खडू टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. मास्तरीणबाई दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "नातीच्या झबल्याचं कापड आणून आठ दिवस झाले. आखतात, पुसतात. कात्री काही लावत नाहीत."

मास्तर खिडकीपाशी बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "पोरी, खरं सांग. तुला तरी दिसलं होतं का?"

हो म्हटलं असतं, तर हजेरी असती तर चूक झालीच नसती, हे त्यांना कळलं असतं. नजर गेली नाही, डोकं गेलं नाही, एवढं तरी कळलं असतं. पण मी गप्प का राहिले, तेही सांगावं लागलं असतं.

"नाही, मास्तर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "हजेरी घेतली असती तरी निसटलंच असतं म्हणायचं. साहेबाचं काय चुकलं मग? माझंच संपलं होतं."

मास्तरीणबाईंनी चहा आणला. मी तो प्यायले आणि घरी आले. पुन्हा तिकडे जाण्याचं धाडस मला झालं नाही. ते झबलं पुढं मास्तरीणबाईंनी बाहेरून शिवून आणलं, असं कानावर आलं.