शेवटचं प्रकरण घरी वाचायचं नाही

अप्पा गेले त्या आठवड्यात लोकांनी केतकीला जपानी ठरवून टाकलं.

कारण एवढंच की ती रडली नाही. आलेल्यांना चहा दिला, दारातल्या चपला बाजूला लावल्या, विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. हेच तिच्या आजीने निपाणीत केलं असतं तर बाई काळजाची कठीण म्हणून गावभर झाली असती. पण केतकी जपानी कादंबऱ्यांच्या वाचनमंडळातली, त्यामुळे तिच्या कोरड्या डोळ्यांना एकदम संस्कृतीचा दर्जा मिळाला.

"काय संयम आहे गं तुझ्यात! अगदी जपानी," मंडळातली रंजिता दारातच म्हणाली. रंजिता हौशी लोकांना मातीची भांडी करायला शिकवते. तेराव्याला ती एक वाडगा घेऊन आली. आधी फोडलेला आणि मग सोनेरी रंगाने जोडलेला. "भेगा लपवायच्या नसतात, केतकी. मिरवायच्या असतात."

केतकीने आभार मानले. वाडगा गळत होता. तिने त्यात चाव्या ठेवल्या.

मंडळ अप्पांचं. वासुदेव, म्हणजे केतकीचे वडील अप्पा आणि बाकीच्यांचे अण्णा, सरकारी कारखान्यात यंत्रं बनवणारे इंजिनियर. तरुणपणी कारखान्याने त्यांना सहा महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. तिथून ते एक छत्री, वाकून नमस्कार करायची सवय आणि यंत्राच्या सुट्या भागांची जपानी नावं घेऊन परतले. एवढ्या भांडवलावर त्यांनी निवृत्तीनंतर मल्लेश्वरमच्या घरातल्या हॉलमध्ये जपानी साहित्याचं मंडळ काढलं. पुस्तकं इंग्रजी अनुवादातली, गप्पा मराठीत आणि चहा भरपूर साखरेचा. महिन्यातून एक रविवार.

सभासद मोजकेच. शेजारच्या भागुबाई, निवृत्त शिक्षिका, ज्यांच्या मते जगातल्या सगळ्या कादंबऱ्या 'स्वल्प', म्हणजे थोड्याशा, कापल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या. अप्पांच्याच कारखान्यातले दयानंदकाका, जे चर्चा सुरू झाली की डोळे मिटत आणि बिस्किटं आली की उघडत. रंजिता. आणि महादेवपुऱ्याहून मेट्रो बदलून येणारा अजिंक्य, मूळचा पुण्याचा. तो ऑफिसच्या कामाने पाच दिवस टोकियोला जाऊन आला होता, आणि त्या पाच दिवसांपुढे अप्पांचे सहा महिने जुने झाले होते.

"अण्णा, तिथे ट्रेन लेट होतच नाही," तो दर बैठकीला सांगायचा. "अर्धा मिनिट उशीर झाला तरी स्टेशनवाले सॉरी म्हणतात. आय मीन, वाकून!"

"असं होय," अप्पा दर बैठकीला म्हणायचे, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत.

मंडळाला नियम एकच होता. शेवटचं प्रकरण घरी वाचायचं नाही. नवीन पुस्तक ठरलं की सगळ्यांनी आपापली प्रत आणायची. अप्पा टेबलाच्या खणातल्या डब्यातून काळ्या क्लिपा काढायचे आणि प्रत्येकाच्या प्रतीतलं शेवटचं प्रकरण क्लिप लावून बंद करायचे. बाकीचं पुस्तक घरी वाचायचं. शेवट मात्र सगळ्यांनी हॉलमध्ये बसून ऐकायचा. अप्पा चष्मा नाकावर खाली ओढून पुढ्यातलं इंग्रजी तिथल्या तिथे मराठी करत वाचायचे. आवाज साधा, सीमाभागातला. भागुबाई पदराने डोळे पुसायच्या. दयानंदकाकासुद्धा जागे असायचे.

केतकी शाळकरी प्रामाणिकपणे नियम पाळायची. नंतरही ती ते प्रकरण कधी उघडून बघत नसे. अप्पांच्या तोंडून ऐकलेलं परत छापील कशाला वाचायचं?

त्या श्रवणभक्तीतूनच तिने महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात एक लेखही लिहिला होता. 'जपानी कादंबरीच्या शेवटातील अन्न'. मांडणी भक्कम होती. जपानी कादंबरी कितीही कोरडी असो, शेवटी कुणीतरी कुणालातरी खाऊ घालतं. हमामखाना चालवणाऱ्या विधवेकडे शेजारीण भात घेऊन येते. मठ सोडलेला भिक्षू बर्फात अडकतो आणि त्याला गरम सूप मिळतं. वर्षानुवर्षं न बोललेल्या भावांपैकी धाकटा शेवटच्या ओळीत विचारतो, जेवलास का? केतकीने यातून त्या अख्ख्या देशाचा स्वभाव काढून दाखवला होता.

अप्पांनी लेख दोनदा वाचला. "अभ्यास चांगला आहे," म्हणाले आणि घाईने आत गेले. त्यांना भरून आलं असावं, असं तिला वाटलं होतं.

शेवटचं ठरलेलं पुस्तक एका छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं. मोठ्या शहरात गेलेली त्याची मुलगी खूप वर्षांनी तीन दिवस राहायला येते. दोघं फारसं बोलत नाहीत. एवढीच कादंबरी. अप्पांनी सगळ्यांच्या प्रतींना क्लिपा लावल्या, स्वतःच्याही लावली. पुढच्या बैठकीआधीच ते गेले.

फोन भागुबाईंचा आला होता. केतकी जे. पी. नगरहून टॅक्सीने निघाली. मेट्रोने निघाली असती तर वेळेत पोचली असती, हे तिला तेव्हापासून रोज सुचत होतं.

नंतर मंडळ चालू राहिलं, कारण बंद करायला कुणीतरी तसं म्हणावं लागतं. पण छत्रीवाल्याचा विषय केतकीने शिताफीने टाळला. आधी एक कथासंग्रह लावला. मग दुसरा. मग तिसरा.

"हे काय गं सारखे कथासंग्रह?" भागुबाईंनी एकदा विचारलं.

"लघुकथा हा जपानी साहित्याचा प्राण आहे, अक्का."

"कथासंग्रहाला शेवटचं प्रकरण नसतं, हे पण आहेच की."

केतकी रिकामे कप गोळा करू लागली. अप्पांची प्रत कपाटात होती. तिच्यावरची क्लिप अप्पांच्या हाताने लावलेली होती, आणि ती काढली की त्यांचं लावलेलं काहीच उरणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट. पण ती बोलून दाखवली असती तर रंजिताने त्यावर आणखी एक भांडं बनवलं असतं.

शेवटी भागुबाईंनीच निकाल लावला. "पुढच्या रविवारी छत्रीवाला. अर्धवट ठेवून अण्णा कधी उठायचे नाहीत. तू वाच."

"मी वाचते," केतकी म्हणाली. "पण मग मंडळ बंद करू या. नाहीतरी हॉल आता किती दिवस ठेवणार?"

अजिंक्यने फक्त विचारलं, "म्हणजे, फॉर गुड?" आणि दयानंदकाकांनी उरलेली बिस्किटं खिशात घातली.

वाचायचं तर नीट वाचावं म्हणून शनिवारी तिने तयारी केली. अप्पा इंग्रजी वाक्य मराठीत कसं वळवायचे ते बघायला हमामखान्याची जुनी कादंबरी काढली आणि पहिल्यांदाच तिचं शेवटचं प्रकरण छापील वाचलं.

शेजारीण नव्हती. भातही नव्हता. विधवा हमामखान्याला कुलूप लावते आणि बोळात नाहीशी होते. पुस्तक संपतं.

आवृत्ती वेगळी असेल, असं केतकीला वाटलं. शिकलेल्या माणसाला आधी आवृत्तीचाच संशय येतो. तिने भिक्षूचं पुस्तक काढलं. भिक्षू बर्फात गोठून मेला होता. सूप कुठेच नव्हतं. दोघे भाऊ शेवटच्या पानापर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

तिच्या लेखातलं एकूण एक अन्न मल्लेश्वरमच्या या हॉलमध्ये शिजलं होतं.

घाईने आत गेलेले अप्पा तिला आठवले. भरून वगैरे आलेलं नव्हतं. तो गृहस्थ आत जाऊन पोट धरून हसला असणार.

रविवारी सगळे वेळेवर आले, म्हणजे अजिंक्य सोडून सगळे. जपानी वक्तशीरपणाचा हा वकील अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आला. तो बसायच्या आत केतकीने सांगून टाकलं.

"अप्पा शेवट बदलायचे."

कुणी दचकलं नाही. दयानंदकाकांनी बिस्किट चहात बुडवलं.

"तुला आत्ता कळलं?" भागुबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, घरी वाचूनच यायचो ना आम्ही."

"आणि क्लिप?"

"क्लिप काढायला काय पाना लागतो?" दयानंदकाका म्हणाले.

"मी आधी फोटो काढायचो," अजिंक्य म्हणाला. "परत एक्झॅक्ट त्याच जागी लावायला. अण्णांची नजर जबरी होती."

"मी क्लिप कधीच काढली नाही हं," रंजिता म्हणाली. "पानं थोडी वाकवून आत डोकावायचे. तो नियम मोडणं होत नाही."

"अक्का, तुम्ही तर इथे बसून रडायचात!"

"मग? घरी वाचलेलं असायचं, बाई गेली म्हणून. इथे यावं तर अण्णांनी तिला भात वाढलेला. रडू त्या भाताचं यायचं." भागुबाईंनी पदर सावरला. "तू वाचत नव्हतीस होय? मला वाटलं तू पण आमच्यासारखीच सोंग करतेस. लहानपणापासूनच अशी अतिशहाणी."

इतकी वर्षं या हॉलमध्ये चार जण नियम मोडून बसत होते, पाचवा नियम करणारा सगळ्यांत जास्त मोडत होता, आणि पाळणारी एकटीच होती. तिने त्यावर लेख लिहिला होता.

"आणि माझा लेख?" केतकीने विचारलं. "एकानेही सांगितलं नाही?"

आता मात्र सगळे चपापले. दयानंदकाकांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, तो मी ऑफिसमध्येही शेअर केला होता," अजिंक्य खाली बघत म्हणाला. "टोकियोच्या मॅनेजरला इंग्लिश करून पाठवला. तो म्हणाला, खूपच इंटरेस्टिंग दृष्टिकोन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यात... टोटल चूक आहे."

खदखदून हसावं असं केतकीला कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं. तिने ते आवरलं. सवय.

"म्हणजे छत्रीवाल्याचा शेवटही तुम्ही सगळ्यांनी वाचलाय."

"केव्हाच."

"मग मला कशाला बसवलंय वाचायला?"

"छापलेलं माहीत आहे गं," भागुबाई म्हणाल्या. "अण्णांचं राहिलंय."

अप्पांची प्रत टेबलावर होती. केतकीने क्लिप काढली. कागदावर तिचा खोल वळ उमटला होता. तिने तो अंगठ्याने चेपून बघितला. तो गेला नाही. बरं वाटलं.

ती वाचू लागली. सुरुवातीला शब्द अडखळले, मग जमलं. म्हातारा रात्रभर बसून मुलीची जुनी छत्री नीट करतो. उजाडताना त्याचा डोळा लागतो. मुलगी त्याला न उठवता निघून जाते. जाग येताच तो सायकल काढतो. चढावर साखळी निसटते. तो छत्री काखेत धरून पायीच पळत सुटतो.

केतकीची नजर पुढच्या परिच्छेदावर गेली. फलाट रिकामा होता. झाडूवाला झाडत होता. म्हातारा कठड्याला छत्री अडकवतो आणि परत फिरतो. बास. लेखकाने पुढे एक शब्द खर्च केला नव्हता. उत्तम शेवट होता. इतर कुणी बदलला असता तर केतकीने त्याला फाडून खाल्लं असतं.

बाहेर भाजीवाल्याचा कर्णा वाजत गेला.

"तो स्टेशनावर पोचला," केतकीने वाचलं आणि थांबली. "पोचला, तर... गाडी लेट होती."

सगळ्यांनी एकदम अजिंक्यकडे पाहिलं.

अजिंक्यचं तोंड उघडलं होतं. पाच दिवसांचं सगळं टोकियो त्याच्या जिभेवर येऊन उभं होतं. भागुबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, जशा पूर्वी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघत असतील.

"होते," अजिंक्य म्हणाला. "कधीकधी. पावसात वगैरे."

"पाऊस होताच," केतकीने लगेच वाचलं. "मुलगी फलाटावर उभी होती. त्याला धापा टाकताना बघून ती म्हणाली, अप्पा, एवढं पळायचं कशाला? मी थांबले असते की. त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. मग ती म्हणाली..."

पुढचं तिला वाचता येईना. पानावर तर ते नव्हतंच, पण डोळ्यांनाही आता काही दिसत नव्हतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी फरक पडला नाही. ती तोंडावर हात घेऊन रडली. आवाज करून, नाक ओढत, निपाणीच्या बायका रडतात तशी. संयमाचं नावसुद्धा नव्हतं त्यात. रंजिता काहीतरी म्हणणार होती. भागुबाईंनी रंजिताच्या हातात चहाचा कप दिला आणि तिला गप्प बसवलं.

"काय म्हणाली?" जरा वेळाने दयानंदकाकांनी विचारलं.

"काय म्हणणार?" केतकी पदर नसल्यामुळे ओढणीने नाक पुसत म्हणाली. "नाश्ता केलात का, म्हणाली."

"सरी, ठीक," भागुबाई म्हणाल्या आणि समाधानाने मागे टेकल्या. "झालं पुस्तक."

मंडळ बंद करायचं ठरलं होतं, हे त्यानंतर कुणी काढलं नाही. केतकीनेही नाही. अजिंक्यने बॅगेतून नव्या कादंबरीच्या प्रती काढल्या. त्याने सगळ्यांसाठी आधीच मागवून ठेवल्या होत्या, कुणालाही न विचारता. केतकीने खणातला डबा काढला आणि एकेका प्रतीचं शेवटचं प्रकरण शोधून क्लिपा लावायला बसली. या सगळ्या क्लिपा रात्रीपर्यंत निघणार, हे तिला आता ठाऊक होतं.

"घट्ट लाव," दयानंदकाका आपली प्रत पुढे करत म्हणाले. "ढिली असली की काढायला मजा येत नाही."