पत्ता न मिळालेले लॅपटॉप

तिच्या पणजोबांनी टपालाच्या पिशव्या खांद्यावर घेऊन डोंगरापलीकडे पोचवल्या. आजोबा तारघरात बसून परक्यांच्या जन्ममृत्यूच्या बातम्या ठोकीत राहिले. वडील टेलिफोनच्या खांबांवर चढता-उतरता म्हातारे झाले. तिन्ही पिढ्यांनी माणसे एकमेकांना जोडून दिली आणि स्वतः मात्र होत्या तिथेच राहिल्या. चौथ्या पिढीतली ही बाई एका मोठ्या कचेरीच्या तळघरात, एका नव्याकोऱ्या लॅपटॉपपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि नेटवर्कचा पत्ता मिळत नाही असे तो लॅपटॉप पडद्यावर निर्लज्जपणे सांगत होता.

"पुन्हा तेच?" मागच्या टेबलावरून मास्तरांनी विचारले.

"पुन्हा तेच. हात वर करून बसलाय."

मास्तर कोणत्याही शाळेत शिकवीत नसत. साधा माऊस बिघडला तरी त्याची कारणे मुळापासून समजावून सांगण्याची त्यांना खोड होती, म्हणून कचेरीने हे नाव दिले होते. तिला सगळे ताई म्हणत. काम असले की साहेबसुद्धा. तळघराला खिडकी नव्हती. दोन टेबले, दोन खुर्च्या, थंड हवेचे घरघरणारे यंत्र, आणि भिंतीला लावलेली छतापर्यंतची खोकी. एका आदर्श संगणकाची हुबेहूब प्रत तारेवरून प्रत्येक नव्या लॅपटॉपमध्ये उतरवायची, एवढेच त्या दोघांचे काम. त्याला तिथे 'इमेज टाकणे' म्हणत.

किनाऱ्यावरच्या गावातील शाखेत एक जागा रिकामी झाली होती. एकच. त्या जागेसाठी अर्ज मात्र दोघांचे होते. त्या गावात ताईंची लेक नुकतीच बाळंत झाली होती. आणि त्याच गावात मास्तरांची बायको मुलीला घेऊन कित्येक वर्षे राहत होती. मास्तर सुट्टीला पाहुण्यासारखे जात आणि पाहुण्यासारखेच परत येत.

"ही खोकी संपेपर्यंत कोणी हलायचं नाही," साहेबांनी बजावले होते. "मग एकाला सोडीन. ज्याच्यावाचून अडणार नाही, त्याला."

त्या कचेरीत कौतुक हेच कुलूप होते, हे नीट ध्यानात घ्यावे. ज्याला काम येते त्याला हलवायचे नाही, हा तिथला शिरस्ता. ताईंच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हाही असेच झाले होते. हजेरीची जुनी प्रणाली कोणाला चालवता येते, असे तेव्हाच्या साहेबांनी विचारले. येत होती दोघांनाही. "फक्त मला," मास्तर म्हणाले. ताईंना वडिलांच्या गावी बदली मिळाली, आणि मास्तरांची ठरलेली बदली रद्द झाली. वडिलांचे अखेरपर्यंत सारे करून ताई परत आल्या, तेव्हा मास्तर त्याच खुर्चीवर बसलेले होते. विषय काढला की हसून म्हणत, "अहो, मला खरंच वाटलं, तुम्हाला येत नाही."

आताची अडचण विचित्र होती. हे लॅपटॉप इतके पातळ की तार खोचायला त्यांना जागाच नव्हती. तार एका छोट्या ॲडॉप्टरमधून जोडावी लागे. सुरुवातीची छोटी प्रणाली त्याच तारेवरून आत येई, आणि आत आल्यावर तीच तार तिला ओळखू येत नसे.

"ज्या दारानं आत आला तेच दार सापडत नाही पठ्ठ्याला," ताई म्हणाल्या.

"म्हणजे ॲडॉप्टरचा ड्रायव्हर नाही. आता ड्रायव्हर म्हणजे काय, तर दुभाष्या. त्याचं असं असतं बघा—"

"मास्तर, मला माहितेय. मी पंचवीस वर्षं हेच करतेय."

"माहीत असलं तरी ऐकायला काय जातंय?"

ताईंनी तो ड्रायव्हर शोधला आणि इमेजमध्ये घातला. सकाळ त्यात गेली, आणि लॅपटॉपने पुन्हा हात वर केले. चूक जेवणाचा डबा उघडताना त्यांच्या ध्यानात आली. इमेज उतरणार नंतर. उतरवून घेणारी ती सुरुवातीची छोटी प्रणालीच मुकी राहिली होती. त्यांनी डबा तसाच मिटला, ड्रायव्हर त्या छोट्या प्रणालीत भरला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. पडद्यावर पत्ता उमटला. इमेज सरसर उतरू लागली.

"वा!" मास्तर म्हणाले. "आता जेवा."

पण इमेज पुरवणाऱ्या मुख्य संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, दुसऱ्या लॅपटॉपला पहिल्याचेच नाव दिले. तिसऱ्यालाही. तीन यंत्रे आणि नाव एक. ताई डोके धरून बसल्या. मास्तर उठले, एका लॅपटॉपमधून ॲडॉप्टर उपसून त्यांनी तो दिव्याखाली धरला.

"चूक आपलीच आहे, ताई. ॲडॉप्टर आहे एकच. सर्व्हर ओळखतो ते याचा नंबर. कोणीही हाच कोट घालून आला, तर दरवानाला वाटणार तोच माणूस परत आला."

"मग?"

"कोटाकडे बघू नकोस, म्हणून सांगायचं त्याला. लॅपटॉपचा स्वतःचा नंबर असतो, तो बघ म्हणावं."

मास्तरांनी तो ॲडॉप्टर सर्व्हरच्या दुर्लक्ष करायच्या यादीत टाकला. तीनही लॅपटॉपना आपापली नावे मिळाली. पुढचे दिवस खोकी उघडण्यात आणि बंद करण्यात गेले. लेकीचा फोन रोज येई.

"आई, येणार ना गं तू? हा आता हसायला लागलाय."

"अजून खोकी आहेत, बाळा," ताई म्हणत, आणि फोन कानाशी धरून त्या हसण्याचा आवाज येतो का ते ऐकत.

भिंतीशी दोनच खोकी उरली, तेव्हा साहेब खाली उतरले. हातात बदलीचा हुकूम होता. नावाची जागा कोरी.

"छान काम झालं. पण पुढच्या महिन्यात असेच आणखी येताहेत. हा घोळ सोडवला कोणी?"

मास्तरांना खोटे बोलणे जमले असेल तर आयुष्यात एकदाच. ते उभे राहिले. "त्याचं असं आहे, साहेब, त्यात दोन भाग आहेत. ताईंनी आधी—"

"मी सोडवला," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच."

"ताई, ते ॲडॉप्टरचं—"

"बसा खाली! दुसऱ्याच्या कामात आपलं नाव घुसवू नये, मास्तर. या वयात शोभत नाही." त्या साहेबांकडे वळल्या. "यांना विचाराल तर दुपार जाईल, साहेब, आणि हाती काही लागायचं नाही. नुसतं बोलणं."

साहेब मनापासून हसले. टेबलावर वाकून त्यांनी हुकमावर नाव लिहिले, तो मास्तरांपुढे ठेवला आणि निघून गेले.

मास्तर कितीतरी वेळ त्या कागदाला हात लावेनात.

"नातू वाट बघतोय तुमची," ते शेवटी म्हणाले.

"तुमची मुलगी जास्त दिवस बघतेय. उचला तो कागद."

सामान ते काय, एक डबा, एक छत्री आणि चष्म्याचे घर. लिफ्टच्या दारात मास्तर थांबले.

"का केलंत असं? निम्मं मी केलं होतं. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

ताईंनी मान वर केली नाही. त्या नवे खोके सुरीने उघडत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला खरंच वाटलं, तुम्हाला येत नाही."

मास्तर छत्री सावरत लिफ्टमध्ये शिरले. मग लिफ्टचे दार मिटले.

ताईंनी दुसरी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. ॲडॉप्टर जोडला. लॅपटॉपने पत्ता मागितला, आणि तो त्याला मिळाला.