महिपतीचे ब्रेक

महिपती बोडके आपल्या दोन्ही घोट्यांचे ब्रेक रंगवून घ्यायला बहिणीच्या वर्कशॉपात आला, तेव्हा शालन एका गाडीचा कॅलिपर घासत बसली होती. गाडीचा कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणारा लोखंडी जबडा. माणसाचा त्याहून लहान, मुठीत मावणारा, घोट्याच्या हाडावर बोल्टांनी बसवलेला. बाकी फरक काही नाही. उद्यमनगरात दोन्ही तऱ्हेची कामं करणारी शालन एकटीच. गंजून काळा पडलेला जबडा ती आतला धातू उघडा होईपर्यंत सोलायची, नवा रंग भट्टीत भाजून पक्का करायची आणि पुसट झालेलं नाव होतं तसं पुन्हा उठवायची.

"पोराची वरात हाय," महिपती म्हणाला. "म्होरं नाचायचंय मला. पँट दुमडून. लालभडक कर, आन् नाव सोनेरी पायजे. भारीतल्या गाडीला असतंय तसं."

आईचं दिवसकार्य झाल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्या दारात येत होता. तिच्या हातात दुसरं काही काम आहे की नाही, हे त्यानं विचारलं नाही. शालननं हातातला कॅलिपर बाजूला ठेवला, दादाला उंच स्टुलावर बसवलं आणि त्याचे बोल्ट सोडवले.

"पाय जमिनीला लावू नको. ब्रेक नसताना पाऊल पडलं तर थांबता यायचं न्हाई."

"म्हाईत हाय गं. मला नको शिकवू."

तो पाय हलवत बसला आणि फोनवर बँडवाल्याला झापू लागला.

शालननं दोन्ही कॅलिपर बाकावर ठेवले. त्यांच्यावर आईचं अक्षर होतं. बारशाच्या दिवशी आईनं काडी पांढऱ्या रंगात बुडवून नाव लिहिलं होतं, 'महीपती'. 'हि'ची वेलांटी दीर्घ झालेली. शाळा दुसरीतच सुटलेली बाई, पण लेकाचं नाव तिनं दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नव्हतं. शालननं त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीनं अक्षरं उतरवून घेतली. वेलांटी दुरुस्त केली नाही.

ही आई शेवटची कितीतरी वर्षं भिंतीला धरून चालली, ती महिपतीमुळं. शालनला पाट्या रंगवायचं काम शिकायचं होतं, ते त्याला खपलं नव्हतं. तो शालनवर धावून आला तेव्हा आई मध्ये पडली, आणि त्यानं आईच्या कमरेत लाथ घातली. लोक विचारायला आले तर आई म्हणायची, मोरीत घसरले. महिपती म्हणायचा, "राग आला की माझं ब्रेकच लागत न्हाईत. जन्मापास्नं दोष हाय." मामा, काका सगळे माना डोलवायचे. आईसुद्धा रात्री कण्हता कण्हता म्हणायची, "त्याचं ब्रेकच नरम हाईत गं शालन. लेकरानं काय करावं?" शालननंही ते खरं मानलं. इतकी वर्षं ती लोखंडावर चिडत आली, माणसावर नाही.

तिनं पहिला कॅलिपर उघडला. आतले पॅड, म्हणजे चिमटताना घासून झिजतात त्या पट्ट्या, जशाच्या तशा होत्या. त्यांच्यावरची कारखान्याची पावडरसुद्धा हललेली नव्हती. तिनं पॅड पुढं ढकलणारा पिस्टन अंगठ्यानं दाबून पाहिला. लोण्यात बोट जावं तसा आत गेला, बाहेर आला. तिनं दुसरा उघडला. तोही तसाच. दोष कुठंच नव्हता. साधं चालता-थांबताना जबडा नुसता टेकतो; पॅड घासतात ते राग आवरताना, आणि या माणसानं तसा ब्रेक जन्मात एकदाही लावला नव्हता. तिच्या स्वतःच्या घोट्यातले पॅड इतक्यांदा झिजून गेले होते, की दुकानदार आता तिला पाहिलं की न विचारताच नवे काढून ठेवायचा.

शालनची कानशिलं तापली. भट्टी अजून पेटवली नव्हती, तरी बाकावरचा लाल रंग डब्यात उकळायला लागला. तिनं झाकण लावलं. झाकण थाडथाड उडू लागलं, तेव्हा तिनं त्यावर हातोडी ठेवली.

"दादा, तुझं पॅड कोरं हाईत."

"मग बरंच की. पैसं वाचलं."

"आईला लाथ घातलीस तवा ब्रेक लागत हुतं."

महिपतीनं फोन कानावरून काढला. "जुनं काय उकरतीस? पोराची वरात हाय, शुभ बोल!"

"लागत हुतं का न्हाई, तेवढं सांग."

"शाले, लई बोलाय लागलीस!" असं म्हणून तो तिच्यावर धावून यायला स्टुलावरून उतरला.

त्याचं पाऊल जमिनीला लागलं. ती बाजूला झाली आणि तो तिच्या शेजारून पुढं चालत गेला. वळायलाही आधी थांबावं लागतं, त्यामुळं त्याला वळता येईना. तो समोरच्या भिंतीकडं निघाला आणि भिंत मागं सरकली. ब्रेक नसलेला माणूस चालायला लागला की जागेला त्याच्यापुढं लांबावंच लागतं. वर्कशॉप लांबलं, आणि सळई ओढली की बारीक होते तसं अरुंद होत गेलं. अवजारं टांगलेली भिंत शालनच्या पाठीला येऊन टेकली. पान्यांच्या कडा खांद्यात रुतायला लागल्या.

"बसव की गं ते!" दुरून महिपती ओरडला. आता तो पळत होता.

शालननं दोन्ही कॅलिपर उचलले आणि तिरकी होऊन, भिंतींमधून अंग घासत, त्याच्यामागं निघाली. तिच्या पुढ्यात छत खांद्याएवढं खाली आलं की ती वाकायची, वर गेलं की धावायची. त्याची पाठ हाताच्या अंतरावर आली.

"आधी सांग."

"लागत हुतं!" तो धापा टाकत म्हणाला. "लागत हुतं! झालं समाधान?"

"मग थांबला का न्हाईस?"

"कशाला थांबू? अडवणारं कोण हुतं मला?"

तो हे रागानं म्हणाला नाही. खरंच नवल वाटल्यासारखा म्हणाला.

शालनच्या पोटातून आवाज निघाला. तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"थांब!"

शेजारच्या कारखान्यातलं लेथ थांबलं. ग्राइंडरच्या ठिणग्या हवेत होत्या तिथंच लटकल्या. रस्त्यावरचा ट्रक, त्याचा हॉर्न, पत्र्यावरून उडालेली कबुतरं, डब्यातला उकळता रंग, सगळं जागच्या जागी थांबलं. शालनचा पुढं टाकलेला पायही अधांतरी राहिला, दोन्ही हातांत आईच्या अक्षरातले जबडे तसेच.

एकटा महिपती तेवढा पळत होता, लहान लहान होत, आणि त्याच्यापुढं भिंत मागं सरकत होती.