राखून ठेवलेली उडी

मी एक जुना बांबू आहे, मित्रांनो. मांडवाचा नव्हे, बांबूउडीचा. शिमोग्याकडच्या रानात वाढलो, विस्तवावर शेकून सरळ झालो आणि १९५६ साली बंगळूरच्या एका कॉलेजात आलो. तिथे जयसिंगरावाने मला हाती घेतले. बसवनगुडीतल्या जुन्या मराठा घरातला हा उंच, हसरा मुलगा. मला रोवून तो वर झेपावायचा तेव्हा मी वाकायचो, कुरकुरायचो, पण त्याला दगा दिला नाही. दोन हंगाम आम्हीच जिंकले. लोक त्याची पाठ थोपटत आणि तो मला मायेने पुसून ठेवी.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर त्याला विषमज्वराने गाठले. मी धूळ खात पडलो. तो परतला तेव्हा त्याची मनगटे काटकुळी झाली होती. मला उचलतानाच त्याला धाप लागली.

तरी खेळाच्या मास्तरांना, उमाजींना, तो म्हणाला, "अण्णा, एकदाच उतरू द्या."

"स्वल्प धीर धर," मास्तर म्हणाले. "विद्यापीठ तीनच हंगाम खेळू देते. एक उडी जरी मारलीस, तरी तुझा शेवटचा हंगाम संपला. नाही उतरलास, तर आजारपणाचे वर्ष धरत नाहीत. हजेरी बुडाली आहे, वर्गात पुन्हा बसायचेच आहे. पुढच्या साली उडी मार."

"आणि यंदा कॉलेज हरले तर?"

"हरू दे की! तू हवास."

स्पर्धेत त्याच्या जागी नवखा विद्याधर उतरला. त्याने दोनदा वरची आडवी काठी पाडली. पोरे ओरडू लागली, "जयसिंग, ऊठ!" तो उठला. मला घट्ट धरले. मला वाटले, आता हा धावणार. पण त्याने मला विद्याधरच्या हाती दिले. "पकड खाली घे. घाबरू नकोस, बांबू चांगला आहे."

विद्याधरने ती उंची पार केली, पण पुढे आम्ही हरलो. सगळे गेल्यावर जयसिंगराव वाळूच्या खड्ड्याजवळ बसून रडला.

मग त्याची आई सकवारबाई त्याला रोज नाचणीची आंबील पाजू लागली. सकाळी तो लालबागेत आधी चालला, मग पळाला. पुढच्या सालच्या स्पर्धेत त्याच्या पहिल्या दोन्ही उड्या फसल्या. तिसऱ्या वेळी माझ्या अंगातून कडाड आवाज आला, पण तो काठीपलीकडे पोचला होता.

"गेला गं बाई पलीकडे!" बघायला आलेली सकवारबाई ओरडली.

मित्रांनो, आजारातून उठलेल्या गड्याला लगेच मैदानात ओढू नका. त्याला बसू द्या, त्याच्याशेजारी बसा. तडा गेलेला मी आता कुणाला वर नेत नाही, पण त्या दिवशी तो खड्ड्यातून हसत उठला, ते मी पाहिले आहे.