सव्वीसची रेघ

मी एक जुनी काचेची मोजनळी. अंगावर पन्नास रेघा, त्यांतली एकही खोटी नाही. माणसांचं मात्र मी सांगू शकत नाही, मित्रांनो.

नव्वदच्या सुमारास मी मीरा रोडच्या एका कॉलेजात आले. प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या सरूबाई मला घासून लख्ख करायच्या. काम सोपं होतं: पाण्यात उलटं उभं राहायचं. आम्लात मॅग्नेशियमची फीत पडली की हायड्रोजन माझ्यात चढे आणि मुलं तो मोजत. रसायनशास्त्राचे धर्माजी सर फळ्यावर हिशेब मांडत, "फीत चोवीस मिलिग्रॅम, तर वायू बावीस पूर्णांक चार मिलिलिटर. विषय संपला!"

माझ्यात मात्र तो सव्वीसपर्यंत भरे. दर वर्षी. चाळीस मुलं सव्वीस बघत आणि वहीत बावीस पूर्णांक चार लिहीत. याला तिथे 'रीडिंग जमवणं' म्हणत.

एका वर्षी बारावीतल्या संघप्रियाला हे जमवणं काही जमेना. आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत आणून ती वाकून पुन्हा पुन्हा बघे.

"सर, नळी सव्वीस दाखवतेय."

"नळी बसलीये का परीक्षेला? सगळ्यांचं जमतंय, तुझाच हायड्रोजन काय चेण्याच्या ढाब्यावर जेवून आला?"

वर्ग हसला. तीही हसली. पण बोर्डाच्या प्रॅक्टिकलला तिने सव्वीसच लिहिलं.

चार गुण गेले. तिच्या वडिलांनी, बापूरावांनी, आधीच बजावलं होतं, "फार्मसीला नंबर लागला तर शीक, नाहीतर स्थळ आलंय." नंबर दोन गुणांनी हुकला.

पुढच्या एप्रिलात सर नव्या मुलांना पुस्तकातली बावीस पूर्णांक चारची ओळ वाचून दाखवत होते. मध्येच थांबले. ओळीत लिहिलं होतं, 'शून्य अंश तापमानाला'. बारा वर्षं ते हे शब्द वाचून पुढे जात होते. भिंतीवरचा तापमापक एकतीस दाखवत होता. सरांनी खडू उचलला. शून्य अंशाचे बावीस पूर्णांक चार उकाड्याने फुगून पंचवीस, वर पाण्याच्या वाफेचा एक. सव्वीस.

मला वर्तमानपत्रात गुंडाळून ते तसेच पेणकरपाड्यात संघप्रियाच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारची उर्मिला बाहेर आली.

"ते खोली सोडून गेले, सर. संघप्रियाला जालन्याकडे दिली ना. काही निरोप होता का?"

"तिचं... तिचं रीडिंग बरोबर होतं."

"म्हणजे काय, सर?"

सरांनी कागद उलगडला आणि माझ्या सव्वीसच्या रेघेवर बोट ठेवलं.

आता मी कपाटात धूळ खात पडले आहे. मला नाही धुतलंत तरी चालेल, मित्रांनो. पण चाळीसांत एखादी सव्वीस म्हणाली, तर हसण्याआधी एकदा वाकून माझ्याकडे बघा.