बर्फाच्या कारखान्याचा तडा

मी पडक्या इमारती रंगवते. "धडधाकट काही दिसत नाही का तुला?" असं नवरा विचारतो. मी नुसती त्याच्याकडे बघते. गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला असतो.

चित्रकला मला कुणी शिकवली नाही, त्यामुळे वाईट खोडीही माझ्या मलाच लागल्या. त्यातली मोठी म्हणजे आवराआवर. ओस इमारत ओसच दिसायला हवी, म्हणून तिथली माणसाची खूण मी चित्रातून काढून टाकते. बादली, दोरी, वाळत घातलेला कपडा. आणि भिंत फारच सपाट वाटली तर एखादा तडा घालते. कुणाचं काय जातं?

राखणदारमामांची खोली जात होती.

मामा बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात, वजनकाट्याच्या खोलीत राहतात. मी तिथे अठरा दिवस बसले. रोज त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली, दोनदा चहा दिला. ते चित्र पुढे नगर कार्यालयाने घेतलं आणि इमारती तपासणाऱ्या इंजिनिअरच्या खोलीत लावलं. चार महिन्यांनी मामा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. हातात कागद.

"बाई, जरा वाचा. माझा चष्मा बारीक अक्षराशी बोलत नाही."

मी वाचलं. उत्तरेच्या भिंतीला छतापर्यंत तडा. इमारतीत कोणी राहत नाही. पंधरा दिवसांत पाडणार.

"तडा कुठला? त्या भिंतीला मी रोज पाठ टेकून बसतो."

मला लगेच आठवला. घरी जेवणानंतर, झोप येत असताना, बारीक ब्रशने एका दमात काढला होता. इतका छान उतरला की सुनेला हाक मारून दाखवला होता.

"मामा, तो तडा माझा आहे."

त्यांनी कागद परत घेतला.

"आणि कोणी राहत नाही, तेही तुमचंच?"

मी चपला घातल्या.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मामा पुढे, मी कठड्याला धरून मागे. इंजिनिअरसाहेबांच्या खुर्चीसमोरच माझं चित्र.

"साहेब, तुम्ही तिकडे जाऊन पाहिलंत?"

"जायचं कशाला? रोज समोर दिसतंय की." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुम्ही हुबेहूब काढता, बाई. म्हणून तर घेतलं."

आयुष्यभर हे ऐकायची वाट पाहिली होती. ऐकलं तेही असं.

"त्यात मी खोटं घातलंय," मी म्हटलं. "आणि खरं होतं ते काढलंय. हे मामा तिथे राहतात."

"अहो, मी पाहणी केली असं लिहून बसलोय. आता काय लिहू? चित्र पाहिलं?"

"पाहणी आज करा की," मामा म्हणाले. "चहा मी देतो."

साहेब आले. उत्तरेच्या भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला, तळवा पांढरा झाला. मामांच्या खुर्चीत बसून चहा प्यायले आणि तिथेच कागदावर लिहिलं, भिंत शाबूत, राखणदार राहतो, पाडू नये.

"यंदापुरतं," ते म्हणाले. "पण माझी बदली होईल. पुढचा माणूसही त्याच खुर्चीत बसणार. ते चित्र तेवढं नीट करा."

दुसऱ्या दिवशी रंगांची पिशवी घेऊन पुन्हा तो जिना. स्टुलावर चढले, मामांनी स्टूल धरलं. तडा पुसायला रंगाचे दोन हात द्यावे लागले. तिथे भिंत अगदी भिंतीसारखी दिसायला लागली, कंटाळवाणी. मग दोरी घातली, दोरीवर बनियन.

"एवढा पांढरा कुठाय तो? पिवळा करा."

केला.

"बादलीला कडी नाही."

कडी पुसली. उद्ध्वस्तपणा पार गेला होता, आता कुणी तरी इथे जेवून जरा आडवं झालंय असं वाटत होतं. मी ब्रश धुवायला वाकले.

"बाई, दार," मामा खालून म्हणाले. "दुपारी मी दार लावत नाही."

खांदा भरून आला होता. मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि दार उघडलं.