जड क्लच

आमचे हे जीपला 'म्हातारी' म्हणायचे आणि मला नुसतंच 'अगं'. नावाचा मान फक्त तिला होता, यावरून घरात कोणाची वट होती ते समजावं.

म्हातारी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. कंपनीच्या डोंगरावरच्या बिनतारी मनोऱ्यापर्यंत माणसं आणि सामान पोचवायला यांनी ती अर्धं आयुष्य हाकली. तिकडे रस्ता म्हणावा असं काही नाही, नुसते दगड आणि पाण्याने खणलेल्या चाकोऱ्या. कंपनीने ती भंगारात काढली तेव्हा यांनी मागून घेतली, निवृत्त झालो की नीट करू म्हणाले. निवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ यांचे पाय गेले. नसांचा आजार. डॉक्टर म्हणाले, पायांपासून सुरू झालाय, हळूहळू वर चढेल, किती हळू ते सांगता येत नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर खुर्चीतून ताडपत्रीकडे बघत म्हणाले, "हात आहेत तोवर एकदा डोंगरावर गाडी न्यायचीय. मी स्वतः."

पेडल काय दातांनी दाबणार का, असं मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे त्यांना लग्नानंतर आठवडाभरात कळलं होतं, त्यामुळे ते चिडले नाहीत. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी चित्र काढून दाखवलं. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा, पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. आणि गिअरच्या दांड्यावर मोटारसायकलला असतो तसा क्लचचा लिव्हर. मुठीत आवळला की वायर खालचं पेडल ओढणार. पायांचं काही कामच नाही.

मग काय, गुडघे कुरकुरायच्या वयात मी जीपखाली आडवी झाले. हे खुर्चीत बसून हुकूम सोडायचे आणि मी पाना फिरवायचे. नट असे गंजलेले की रात्रभर तेलात भिजवल्याशिवाय हलायचे नाहीत. माझ्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात कार्बोरेटर बुडवलेला, आणि घरभर रॉकेलचा वास. दगडांवर पोट घासू नये म्हणून गाडी उचलून घेतली, मोठी चाकं घातली. जोडकामाला गल्लीच्या टोकाचा वेल्डर यायचा. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कामामुळेही आणि डोक्यामुळेही. पण यांच्यासमोर तो गोगलगाय व्हायचा. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढं बोललो नव्हतो, मग ते नटबोल्टांबद्दल का असेना.

लिव्हर बसला तेव्हा क्लच जड लागला. जुन्या जीपचा क्लच जडच असतो, पायाला घाम फोडतो, तिथे हाताची काय कथा. ठिणगीने लिव्हर लांब करून दिला. यांनी तो आवळला, खाली पेडल गेलं, आणि ते लहान मुलासारखे हसले. महिनाभराने परत जड. वायर आखडलीय म्हणाले, मी वायरीत तेल सोडलं. मग ठिणगीने मध्ये एक पुली टाकली. थोडे दिवस बरं चाललं, की पुन्हा तेच. त्याच सुमारास यांच्या हातून चहाचा कप सुटला आणि फुटला. कपाचा कानच वेडावाकडा आहे, असं ते म्हणाले. एरवी मी 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी काचा गोळा केल्या आणि दुसऱ्या कपात चहा ओतला.

ठिणगीने मला फाटकाशी गाठलं. "वहिनी, आता क्लचच्या आतल्या स्प्रिंगाच हलक्या टाकायच्या राहिल्यात. पण मग क्लच घसरणार. सपाटीवर चालेल गाडी. डोंगर नाही चढणार ती."

"टाका," मी म्हटलं.

"दादांना सांगू?"

"नका सांगू."

डोंगर चढण्यासाठीच बांधलेल्या गाडीतून मी डोंगर काढून टाकत होते, हे मला कळत होतं. पण लिव्हर दाबला जाईल, गाडी अंगणातून तरी हलेल, पुढचं पुढे बघू. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर काडीही मीच मोडून दिली होती.

स्प्रिंगा बदलल्या. एका सकाळी ठिणगीने आणि मी यांना उचलून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. छातीला पट्टा बांधला. ठिणगी फाटक उघडायला गेला, मी बाजूच्या सीटवर बसून किल्ली फिरवली. म्हातारी पहिल्याच फटक्यात जागी झाली. यांनी मान जराशी तिरकी करून इंजिन ऐकलं, खूश झाले. मग हात लिव्हरवर ठेवला.

बोटं लिव्हरभोवती वळली आणि तिथेच थांबली. मानेची शीर फुगली, ओठ पांढरे पडले. लिव्हर होता तिथेच होता. त्यांनी दुसरा हात आणून त्यावर ठेवला. दोन्ही हात थरथरले आणि सरकून मांडीवर पडले.

"अजून जडच आहे," ते म्हणाले. "तू बघ."

मी वाकून लिव्हरवर एक बोट टेकवलं. तो लोण्यात सुरी जावी तसा खाली जायला लागला. मी घाबरून तिथेच धरला. मग दोन्ही हातांनी पकडला, दात आवळले, तोंड लाल होईपर्यंत श्वास कोंडला, कण्हलेसुद्धा. जन्मात कधी नाटकात काम केलं नव्हतं.

"फारच जड आहे हो," मी म्हटलं. "माझ्याच्यानेही हलत नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते खाली बघत होते, आपल्या निजलेल्या पायांच्या मध्ये. वायर पेडललाच बांधलेली होती, हे मी साफ विसरले होते. पेडल चांगलंच खाली गेलेलं होतं.

मी लिव्हर सोडला. पेडल वर आलं. इंजिन चालूच होतं, फाटक उघडून ठिणगी बाजूला उभा होता. यांनी तीस वर्षं पायाखाली दाबलेलं ते पेडल बराच वेळ न्याहाळलं.

"ठिणगीला सांग, लिव्हर अजून जरा लांब कर म्हणावं," ते शांतपणे म्हणाले.

"सांगते."

"आणि इंजिन बंद कर. किल्ली तूच फिरव."

मी किल्ली फिरवली.